हातचे पाणी

मूल कोणाचे, हा प्रश्न मराठी माणसाच्या इतिहासात वारंवार राजकारणाचा आणि मिळकतीचा प्रश्न होऊन बसलेला आहे. 1848 साली साताऱ्याच्या गादीचा दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि छत्रपतींचे राज्य खालसा झाले. 1854 मध्ये झांशीच्या दामोदररावांचे दत्तविधान अमान्य ठरले, त्याच वर्षी नागपूर गेले. आणि दुसऱ्या बाजीरावांच्या दत्तकपुत्राला, म्हणजे नानासाहेबांना, पित्याचा तनखा देण्याचे सरकारने नाकारले. 1857 च्या उठावाची कारणे सांगताना या नामंजूर दत्तकांना कोणत्याही इतिहासकाराला वगळता आलेले नाही. त्याच उठावाच्या धामधुमीत, आग्रा आणि कानपूर यांच्या दरम्यान वसलेल्या इटावा शहरी, एका रात्री एक दत्तक असेही झाले की ज्याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही, ज्यासाठी होम झाला नाही की गोत्राचा उच्चार झाला नाही, आणि ज्यात मूल देणारे आईबाप दोघेही हयात नव्हते. हे दत्तक कादंबरीतले आहे; परंतु मनुष्य कोणत्या घरचा, कोणत्या समाजाचा, आणि तो तसा आहे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचा एवढा सविस्तर विचार भारतीय कथावाङ्मयात क्वचितच झाला असेल.

रवींद्रनाथ ठाकुरांची 'गोरा' 1907 पासून रामानंद चट्टोपाध्याय यांच्या 'प्रवासी' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि 1910 मध्ये ग्रंथरूपाने आली. इटाव्याची ती रात्र थोडक्यात अशी : एक आयरिश सैनिक लढाईत मारला गेलेला आहे, त्याची गरोदर पत्नी शिपायांच्या भयाने कृष्णदयाळ नावाच्या बंगाली ब्राह्मण नोकरदाराच्या घरी आश्रयाला येते, तेथेच प्रसूत होते आणि प्राण सोडते. मूल एखाद्या पाद्र्याच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे असा कृष्णदयाळांचा व्यवहारी विचार; पण त्यांची निपुत्रिक दुसरी पत्नी आनंदमयी हिने ते मूल एकदा मांडीवर घेतले ते घेतलेच. पुढे बिऱ्हाड कलकत्त्याला येते, मुलाचे नाव गौरमोहन पडते आणि सगळे त्याला गोरा म्हणू लागतात. सहा फूट उंचीचा, गडगडाटी आवाजाचा, कॉलेजातल्या पंडितांनी थट्टेने रजतगिरी म्हणून गौरविलेला हा तरुण प्रथम ब्राह्म विचारांकडे झुकतो, मग वेदान्ताच्या अभ्यासाने आणि एका मिशनऱ्याने वर्तमानपत्रातून हिंदुधर्मावर केलेल्या हल्ल्याने पेटून उठतो, आणि अखेरीस गंगास्नान, शेंडी, कपाळी गंगेच्या मातीचा टिळा, जाडेभरडे धोतर अशा थाटात सनातन धर्माचा सर्वांत कडवा कैवारी होऊन बसतो.

आपण जन्माने कोण आहोत, याची त्याला दाद नसते. वाचकाला मात्र रवींद्रनाथांनी ती गोष्ट आरंभीच्या काही प्रकरणांतच, कृष्णदयाळ आणि आनंदमयी यांच्या खासगी बोलण्यातून, कळवून टाकलेली आहे. रहस्यकथेचा मोह टाळण्याचा हा निर्णय मला या कादंबरीतील सर्वांत मोठा कलात्मक निर्णय वाटतो. कारण त्यामुळे पुढील शेकडो पृष्ठांत गोरा जेव्हा जेव्हा आचाराच्या, अधिकाराच्या, रक्तात मुरलेल्या संस्काराच्या गोष्टी आवेशाने बोलतो, तेव्हा तेव्हा त्याचे प्रत्येक वाक्य वाचकाच्या कानी दोन अर्थांनी पडते, आणि ज्या घराचे दार आपण राखीत आहोत त्याच दाराबाहेरचे आपण आहोत हे ज्याला ठाऊक नाही अशा पहारेकऱ्याकडे आपण हसू आणि करुणा यांच्या मिश्र भावनेने पाहत राहतो. वृद्धपणी कर्मठ झालेल्या कृष्णदयाळांची तर याहून पंचाईत. तारुण्यात गोऱ्या सोजिरांबरोबर मद्यमांस सेवन करणारे हे गृहस्थ आता घराच्या एका भागात साधनाश्रम थाटून राहतात, आणि हिंदुधर्म ही फार गहन वस्तू आहे, तिच्यात एवढी उडी घेऊ नकोस, असे आपल्या धर्मवेड्या मुलाला परोपरीने विनवितात. बाप मुलाला धर्मापासून परावृत्त करतो आहे आणि त्याचे खरे कारण त्याला सांगता येत नाही, या प्रसंगातला विनोद रवींद्रनाथांनी कोठेही ताणलेला नाही.

1901 मध्ये प्रसिद्ध झालेल्या किपलिंगच्या 'किम' या कादंबरीचा नायकही आयरिश सैनिकाचाच पोरका मुलगा, लाहोरच्या गल्ल्यांत वाढलेला. परंतु किमच्या गळ्यातल्या ताइतात त्याच्या जन्माची कागदपत्रे आहेत; बापाच्या पलटणीची आणि त्याची गाठ पडते, कागद उघडले जातात, आणि तो कोण हे ठरते. गोराच्या गळ्यात असा ताईत नाही. रवींद्रनाथांनी त्याचा जन्म दोन माणसांच्या स्मरणात ठेवला आणि त्या दोघांना त्या स्मरणाचा अर्थ अगदी वेगळा लागला, एवढ्याने दोन्ही पुस्तकांचे मार्ग फुटतात.

आता कुटुंबाकडे पाहू. कलकत्त्यातील त्या घरात लछमिया नावाची ख्रिस्ती दाई आहे. गोराला लहानपणी देवी आल्या असताना तिने रात्रंदिवस शुश्रूषा करून त्याला वाचविलेले आहे, आणि एके काळी तिच्या हातचे असल्याशिवाय तो जेवत नसे. मोठेपणी हाच गोरा म्हणतो की लछमियाला हवी तर पेन्शन द्या, जमीन घेऊन द्या, घर बांधून द्या, पण तिला या घरात ठेवून चालणार नाही. आणि आपला जिवलग मित्र विनय याला तो आपल्याच आईच्या खोलीत जेवायला बंदी करतो, कारण तेथे लछमियाचा वावर आहे. विनय बिचारा आईबापावेगळा, कलकत्त्यात एकटा राहणारा. त्याला आई म्हणून ठाऊक असलेली एकच बाई, ती आनंदमयी. मित्राच्या तत्त्वासाठी तिच्या हातचा घास नाकारताना त्याच्या मनाची जी ओढाताण होते, ती वाचताना कुटुंब म्हणजे काय याचे उत्तर रवींद्रनाथ चर्चेतून फारसे देत नाहीत हे ध्यानात येते. कोण कोणाच्या हातचे पाणी पितो, एवढ्यावर त्यांनी त्याचे माप ठेवले आहे. आनंदमयी स्वतः काशीच्या पंडिताची नात, सोवळ्याओवळ्यात वाढलेली. परंतु मूल पदरात पडले त्या दिवशी तिने सारा आचार सोडला, कारण जन्मतः जात घेऊन कोणी येत नाही हे तिला त्या मुलाला छातीशी धरताना उमजले. तिने त्यावर कधी व्याख्यान दिले नाही की वादही घातला नाही. लोक तिला ख्रिस्तीण म्हणून हिणवीत, आणि ती ते ऐकून घेई.

पाण्याचा हा हिशेब केवळ बंगाल्यांचा होता असे समजण्याचे कारण नाही. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही तेथे होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणेवैभव' पत्रातून जाहीर केली आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेले, आणि रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. गोराच्या प्रायश्चित्ताचा पुढे येणारा प्रसंग मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही तो यामुळे. ब्राह्म समाजाविषयी मात्र दोन शब्द सांगावयास हवेत. राममोहन राय यांनी 1828 मध्ये त्याचा पाया घातला. केशवचंद्र सेन 1864 मध्ये मुंबईस येऊन गेल्यावर तीन वर्षांनी आपल्याकडे प्रार्थनासमाज निघाला. पण आपले प्रार्थनासमाजी बहुधा जातीत राहूनच सुधारणा करू पाहत, तर केशवचंद्रांच्या पिढीचे ब्राह्म मूर्तिपूजा, जानवे, जात सोडून वेगळे निघाले, आणि कालांतराने त्यांचीही एक जातच झाली.

त्या नव्या जातीचे सोवळे रवींद्रनाथांनी, स्वतः ब्राह्म घराण्यातले असूनही, निष्ठुरपणे दाखविले आहे. परेशबाबू हे सौम्य, विचारी ब्राह्म गृहस्थ. त्यांच्या घरी सुचरिता आणि तिचा धाकटा भाऊ सतीश ही मित्राची पोरकी मुले वाढलेली आहेत. परेशबाबूंना सुचरिता बाबा म्हणते आणि तेही तिला पोटच्या मुलींहून वेगळे मानीत नाहीत. पण त्यांची पत्नी वरदासुंदरी हिला आपल्या घरातला हा आश्रय अधूनमधून आठवतो, आणि तो आठवतो हे ती इतरांनाही जाणवू देते. अशा घरी सुचरितेची मावशी हरिमोहिनी येते : विधवा, सासरच्यांनी नाडलेली, बरोबर देव घेऊन आलेली. मूर्तिपूजक म्हणून वरदासुंदरी तिला छळते आणि आपली सगळी सहानुभूती मावशीकडे जाते. परंतु परेशबाबूंनी सुचरितेच्या वडिलांच्या पैशांतून घेऊन ठेवलेल्या घरात मावशी-भाची राहू लागताच हीच हरिमोहिनी त्या घराची मालकीण होते, भाचीच्या खाण्यापिण्यावर पहारा ठेवते, आणि आपल्या दिराशी तिचे लग्न लावून देण्याचा घाट घालते. रक्ताचे नाते हक्क म्हणून बजावले जाऊ लागले की त्याचे काय होते याचे एवढे निर्दय आणि तरीही त्या बाईविषयीची दया न गमावणारे चित्र मला दुसरीकडे फारसे आढळले नाही. या कादंबरीत सख्खे आईबाप असलेल्या मुलांपेक्षा दुसऱ्याने वाढविलेलीच मुले अधिक, ही गोष्ट सहज म्हणून आलेली नव्हे.

गोरा आणि विनय परेशबाबूंच्या घरी येऊ-जाऊ लागल्यावर रंगणारे कलकत्त्यातले वाद मात्र फार लांबतात, हे कबूल केले पाहिजे. वादपटू ब्राह्म हारानबाबू आले की कादंबरी ठाणबंद होते. गोरा ग्रँड ट्रंक रस्त्याने पायी खेड्यांकडे निघतो तेव्हा तिला पुन्हा वारा लागतो. घोषपुराच्या चरावर, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर वसलेल्या एका मुसलमान गावाला निळीच्या साहेबाने आणि पोलिसांनी पिळून काढलेले असते. तेथे एकच हिंदू घर, न्हाव्याचे. या न्हाव्याने गावचा पुढारी फरू सरदार तुरुंगात गेल्यावर त्याचा मुलगा तमीज आपल्या घरात आणून ठेवलेला असतो आणि नवराबायको त्याला लेकासारखे सांभाळीत असतात. गोराच्या सोबतचा रमापती भुकेने व्याकूळ असूनही मुसलमान पोर वावरते त्या घरी पाण्याला शिवायला तयार होत नाही; जवळच निळीच्या कोठीचा ब्राह्मण तहसीलदार राहतो, त्याच्याकडे जेवायला चला म्हणतो. गोरा निघतो खरा. पण ज्याने त्या गावावर जुलूम केला त्याच्या घरचे अन्न पवित्र आणि ज्याने पोरक्या पोराला जवळ केले त्याच्या घरचे पाणी अपवित्र, हा हिशेब त्याला वाटेतच असह्य होतो आणि तो उलट पावली न्हाव्याकडे येतो. इटाव्याला आनंदमयीने जे केले तेच येथे एका न्हाव्याच्या बायकोने केले आहे, हे गोराला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपण मात्र ते जाणून असतो, आणि या दोन घरांमधले साम्य लेखकाने एका शब्दानेही दाखवून दिलेले नाही.

पुढे विद्यार्थ्यांच्या आणि पोलिसांच्या झटापटीत पडल्याबद्दल त्याला महिनाभराची कैद होते. तो वकील देत नाही, जामीनही मागत नाही. सामान्य रयतेला जे मिळत नाही ते मला नको, असा त्याचा बाणा. तुरुंगातून आल्यावर मात्र तो पुन्हा आचाराकडे वळतो आणि तुरुंगातील विटाळ धुऊन काढण्यासाठी गंगाकाठच्या बागेत मोठ्या समारंभाने प्रायश्चित्त घेण्याचे ठरवितो. त्याचा शिष्य अविनाश याने तर तो धर्मविजयाचा उत्सवच करून टाकलेला असतो.

सगळी सिद्धता झालेली असताना घरून बोलावणे येते. कृष्णदयाळांना रक्ताच्या उलट्या होत आहेत, आणि मरणाच्या भयापेक्षाही त्यांना एका गोष्टीचे भय अधिक आहे : आपण गेलो तर हा मुलगा आपले श्राद्ध करील. तो अधिकार त्याला नाही, हे सांगण्यासाठी ते सगळे सांगून टाकतात. जन्मदात्या बापाचे नाव ते सांगू लागतात, तेव्हा गोरा त्यांना मध्येच थांबवितो. ते नाव त्याला नको असते. पंचवीसेक वर्षे घरात वाढलेल्या मुलाशी असलेले नाते या वृद्धाच्या मनात शेवटी पिंडाच्या अधिकारापाशी येऊन थांबते. त्याच प्रश्नाने पुण्यातही एका मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर डोके वर काढले होते. जोतीराव फुले यांनी 1874 मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. 1890 च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावे यावर नातलगांनी यशवंताच्या अधिकाराला हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. कृष्णदयाळ आणि जोतीरावांचे ते भाऊबंद यांच्या मनात एकच कायदा होता. फरक इतकाच की पुण्यात त्याला तेथल्या तेथे उत्तर देणारी बाई हजर होती.

जे ऐकल्यावर दुसरा कोणी कोसळला असता, ते ऐकून गोराला सुटल्यासारखे वाटते. आता आपल्याला जात नाही, हिंदू-मुसलमान-ख्रिस्ती असा कोणताच समाज आपल्याला परका म्हणू शकत नाही, असे तो परेशबाबूंकडे जाऊन सांगतो, त्यांचे शिष्यत्व मागतो, आणि मग घरी येऊन आनंदमयीच्या पायांवर डोके ठेवतो. ज्या आईला शोधीत आपण दारोदार भटकत होतो ती आपल्याच घरात बसलेली होती, हे त्याला तेव्हा दिसते. लछमियाला बोलावून तो तिच्या हातचे पाणी मागतो.

या शेवटावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की गोराचे मतपरिवर्तन त्याच्या विचाराने झालेले नाही, जन्माच्या योगायोगाने झाले आहे. बाप आजारी पडला नसता तर तो प्रायश्चित्त घेऊन मोकळा झाला असता. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. न्हाव्याच्या घराकडे तो परत फिरला तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हते, आणि कादंबरीतले खरे वळण तेथे आहे. जन्मकथेने फक्त परत आचारात शिरण्याची वाट बंद केली. माझा आक्षेप निराळा आहे. रवींद्रनाथांनी आपल्या परक्याला राज्यकर्त्यांच्या वंशातला केला. जातीबाहेर पडण्यात त्याला जो मोकळेपणा वाटतो, तो एखाद्या अस्पृश्याच्या पोटी जन्मलेल्या आणि ब्राह्मणाच्या घरी वाढलेल्या मुलाला वाटला असता काय? त्याला सगळे समाज एकाएकी आपले झाले असते, की सगळ्यांनीच दार लावले असते? ही कादंबरी तो प्रश्न घेत नाही. आणि लछमिया, जिच्या हातच्या पाण्यावर एवढा सगळा डोलारा उभा आहे, तिला या पुस्तकात स्वतःचे असे बोलणे जवळजवळ नाही. पूर्वी तिला घराबाहेर काढावे असे मालकाच्या मुलाने म्हटले, आता तिने पाणी आणावे असे त्यानेच म्हटले.

रवींद्रनाथांच्या मनात या गोष्टीचा याहून कठोर शेवट एके काळी होता. शिलाइदह येथे त्यांच्याकडे पाहुण्या म्हणून आलेल्या भगिनी निवेदितांनी गोष्ट सांगा असा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी 'गोरा'च्या जवळपास येणारे कथानक रचून सांगितले, आणि त्यात गोरा परदेशी निघाल्यावर सुचरिताही त्याला नाकारते असे दाखविले. निवेदिता संतापल्या. त्या स्वतः आयरिश होत्या आणि त्यांनी हा देश आपला मानलेला होता, हे लक्षात घेता तो संताप समजण्यासारखा आहे. आणि मुद्दा त्यांच्या मनावर ठसावा म्हणूनच आपण तसा शेवट सांगितला, असे रवींद्रनाथांनी पुढे विल्यम पिअर्सन यांना लिहिलेल्या पत्रात कबूल केले आहे. याच पिअर्सन यांच्या नावावरचे 'गोरा'चे इंग्रजी भाषांतर 1924 मध्ये निघाले. छापलेल्या कादंबरीत तो नकार राहिला नाही. गोराचा हात सुचरितेच्या हाती जातो, आनंदमयी विनयला बोलावणे धाडण्याची गोष्ट काढते, आणि तेथे पुस्तक संपते. पाहुणीला सांगितलेली गोष्ट समाजाला धरून होती, छापलेली गोष्ट कुटुंबाला धरून आहे, आणि त्यामुळे समाजाने काय केले हे आपल्याला कधीच कळत नाही : वडील भाऊ महिम काय म्हणाला, हिंदुधर्माचा कैवारी म्हणून ज्याच्या मागे तरुण फिरत होते त्या तरुणांनी काय केले, आणि प्रायश्चित्तासाठी गंगाकाठी जमविलेल्या पंडितांची दक्षिणा अविनाशने चुकती केली की नाही.